यंत्र घरात, मेंदू दुसरीकडे: भाड्याच्या उपकरणांचा एक लांबलचक इतिहास

२१ जानेवारी १९१० रोजी पॅरिस शहरातील शेकडो घड्याळांचे काटे एकाच क्षणी थांबले. चौकातल्या खांबांवरची घड्याळे थांबली, कचेऱ्यांतली थांबली, खाजगी घरांच्या दिवाणखान्यांतलीही थांबली. सगळ्यांवर एकच वेळ होती: १० वाजून ५३ मिनिटे. गंमत अशी की यांपैकी एकाही घड्याळात बिघाड झालेला नव्हता. सेन नदीला महापूर आला होता, पुराचे पाणी नदीकाठच्या एका कारखान्यात शिरले होते, आणि त्या कारखान्यातून येणारी हवा बंद पडली होती.

ही घड्याळे हवेवर चालत.

मूळ कल्पना व्हिएन्नातली. व्हिक्टर पॉप या अभियंत्याने ती पॅरिसला आणली, १८७८ च्या जागतिक प्रदर्शनात मांडली, नगरपालिकेकडून परवानगी मिळवली आणि १८८० पासून शहरात प्रत्यक्ष सेवा सुरू केली. रचना अत्यंत सुटसुटीत होती. मध्यवर्ती केंद्रात एक अचूक घड्याळ असे. दर मिनिटाला ते एक झडप उघडी. दाबाखालच्या हवेचा एक झोत भुयारी गटारांतून टाकलेल्या नळ्यांवाटे शहरभर पसरे. प्रत्येक घड्याळाच्या पोटात एक छोटा भाता बसवलेला असे. हवा पोहोचली की तो फुगे, एक तरफ उचलली जाई, आणि ती तरफ ६० दात्यांच्या चाकाला एक दाता पुढे ढकली. मिनिटकाटा एक घर सरके. त्यानंतर पुढचा झोत येईपर्यंत घड्याळ निपचित पडून असे.

म्हणजे ज्याला आपण घड्याळ म्हणतो, ते तिथे नव्हतेच. भिंतीवर होती ती तबकडी, काटे आणि एक भाता. काळ मोजण्याचे काम काही किलोमीटर दूर दुसरेच यंत्र करत होते.

या सेवेसाठी वर्गणी असे. घरात एक घड्याळ घेतल्यास दिवसाला ५ सेंटीम, आणि अधिक घड्याळे घेतल्यास पुढच्या प्रत्येकासाठी दर कमी. त्या बदल्यात चावी द्यायला नको, घड्याळ पुढे-मागे होण्याची चिंता नको, घड्याळजीचे खेटे नकोत. हवेला दूरच्या वस्तीपर्यंत पोहोचायला काही सेकंद अधिक लागत, त्यामुळे शहराच्या दोन टोकांच्या वेळांत किंचित तफावत राही. काटेकोर मंडळी त्यावर कुरकुरत, पण ज्या शहरात पूर्वी दोन चर्चांच्या घंटा एका वेळी वाजत नसत तिथे काही सेकंदांची तफावत कोण मनावर घेणार? पुढे कंपनीने दाबाखालची हवा शक्ती म्हणूनही विकायला काढली. लहान कार्यशाळांतली यंत्रे आणि हॉटेलांतली उद्वाहने तिच्यावर चालू लागली. १९१० च्या पुरात घड्याळांबरोबर ती उद्वाहनेही अडकली.

पूर ओसरला, कारखाना पुन्हा सुरू झाला, काटे जुळवले गेले. ही सेवा १९२७ पर्यंत चालली आणि मग बंद झाली.

आज सर्व्हर, क्लाउड आणि मासिक सबस्क्रिप्शन यांबद्दल जी चर्चा चालते, तिचे बहुतेक घटक या भात्यांच्या घड्याळात हजर आहेत: यंत्र ग्राहकाच्या भिंतीवर, त्याचा मेंदू दुसरीकडे, दरमहा पैसे, आणि दूर कुठेतरी काही बुडाले की घरातले यंत्र निर्जीव. पण एक घटक नाही, आणि तो न सांगणे पॉपवर अन्याय ठरेल. पॅरिसमध्ये कोणी असे म्हणत नव्हते की घड्याळ तुमचे आहे. ग्राहक वेळेची वर्गणी भरत होता आणि आपण वर्गणी भरत आहोत हे त्याला ठाऊक होते. वस्तू पूर्ण किमतीला विकायची आणि तरीही तिच्यावरचा ताबा सोडायचा नाही, ही युक्ती वेगळ्या गावात, वेगळ्या यंत्रावर शोधली गेली.

ते गाव शिकागो, आणि यंत्र मिमिओग्राफ. आपल्याकडच्या शाळा-कचेऱ्यांतून ज्याला सायक्लोस्टाइल म्हणत, त्याच कुळातले. मेणकागदावर मजकूर कोरायचा, तो स्टेन्सिल यंत्रावर चढवायचा, शाई लावायची आणि प्रतींमागून प्रती काढायच्या. ए. बी. डिक यांच्या कंपनीने एडिसनच्या पेटंटांचा परवाना घेऊन हे यंत्र बाजारात आणले. यंत्रावर एक पाटी ठोकलेली असे. तिचा आशय असा होता की हे यंत्र परवान्याच्या अटीवर विकले आहे, आणि ते केवळ ए. बी. डिक कंपनीनेच बनवलेल्या स्टेन्सिल, शाई व अन्य साहित्यासह वापरता येईल.

न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्टीना स्कू नावाच्या एका बाईंनी हे यंत्र विकत घेतले. सिडनी हेन्री या शाईविक्रेत्याने त्यांना शाईचा एक डबा विकला. शाई साधी होती, तिच्यावर कोणाचे पेटंट नव्हते. कंपनीने शाईविक्रेत्यावर दावा लावला, आणि एका डब्याचे ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

मार्च १९१२ मध्ये निकाल लागला आणि कंपनी जिंकली. चार विरुद्ध तीन. बहुमताचा युक्तिवाद थोडक्यात असा: पेटंटधारकाला यंत्र अजिबात न विकण्याचा अधिकार आहे, मग विकताना अटी घालण्याचा अधिकार त्याला का नसावा? ऐकायला हा युक्तिवाद चोख वाटतो. सरन्यायाधीश व्हाइट यांनी मात्र विरोधी मत नोंदवले, आणि त्यात त्यांनी ही अट पुढे कुठवर जाईल याची चित्रे रंगवली. इंजिनाच्या पेटंटावर बसून कोळसा कोणाचा जाळायचा हे ठरवता येईल. सुताराच्या रंध्यावर पेटंट असेल तर लाकूड कोणाचे तासायचे हे ठरेल. स्वयंपाकाच्या भांड्यावर पेटंट असेल तर त्यात कोणाकडचे अन्न शिजवायचे, हेही भांडे बनवणारा सांगेल.

१९१२ मध्ये हे शेवटचे उदाहरण अतिशयोक्त वाटले असणार. २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील जुसेरो नावाच्या कंपनीने ६९९ डॉलरचे रसयंत्र बाजारात आणले. त्यात कंपनीच्याच वर्गणीतून येणाऱ्या, चिरलेल्या फळाभाज्यांच्या पिशव्या घालायच्या. यंत्र पिशवीवरचा क्यूआर कोड वाचे, वायफायवरून पडताळणी करी, आणि मगच पिशवी दाबे. पिशवीची मुदत उलटली असेल तर नकार. २०१७ च्या एप्रिलमध्ये पत्रकारांनी दाखवून दिले की तीच पिशवी नुसत्या हातांनी पिळली तरी जवळजवळ तेवढाच रस निघतो. सप्टेंबरपर्यंत कंपनी बंद झाली. जगाने यावर पोटभर हसून घेतले, पण न्या. व्हाइट यांचे भांडे शंभर वर्षांनी खरोखर बनले होते, ही बाब या हशात बाजूलाच राहिली.

१९१२ चा निकाल फार टिकला नाही. लोकमत खवळले, आणि १९१४ च्या क्लेटन कायद्यात अमेरिकी काँग्रेसने अशा जोडअटींवर निर्बंध घातले: एका वस्तूच्या विक्रीला दुसरी वस्तू आपल्याकडूनच घेण्याची अट जोडून स्पर्धा मारता येणार नाही. १९१७ मध्ये सिनेमाच्या प्रोजेक्टरचे प्रकरण आले. तिथेही यंत्रावर पाटी होती आणि केवळ ठरावीक कंपन्यांचेच चित्रपट दाखवण्याची अट होती. या वेळी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच पाच वर्षांपूर्वीचा निवाडा रद्दबातल ठरवला.

पाटी गेली. मग उद्योगाने दुसरा मार्ग धरला. वस्तू विकायचीच नाही.

हर्मन हॉलेरिथ यांनी १८९० च्या अमेरिकी जनगणनेसाठी छिद्रांकित पत्रकांवर चालणारी गणनयंत्रे दिली, ती भाड्याने. पुढे भाड्यावरून जनगणना खात्याशी त्यांचे इतके वाजले की खात्याने स्वतःचीच यंत्रे बनवून घेतली. हॉलेरिथ यांची कंपनी इतर कंपन्यांत विलीन होत होत १९२४ मध्ये आयबीएम झाली, आणि भाड्याची प्रथा तिने काटेकोरपणे चालू ठेवली. यंत्र आयबीएमचे, ग्राहक दरमहा भाडे भरणार, आणि त्यात घालायची कार्डे आयबीएमकडूनच घेणार. कार्ड म्हणजे जाड कागदाचा आयताकृती तुकडा, पण कंपनीच्या नफ्यातला त्याचा वाटा मोठा होता.

सरकारने दावा लावला तेव्हा आयबीएमने केलेला बचाव आजच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. कंपनी म्हणाली की कार्ड अत्यंत नेमक्या मापाचे असावे लागते. हलक्या प्रतीच्या कार्डाने आकडेमोड चुकेल, दोष मात्र आमच्या यंत्राला लागेल. म्हणून ही अट ग्राहकाच्याच हिताची आहे. १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला, आणि फेटाळताना एका मोठ्या बोलक्या तपशिलाकडे बोट दाखवले. खुद्द अमेरिकी सरकारला आयबीएमने स्वतःची कार्डे वापरण्याची मुभा दिली होती. फक्त भाडे १५ टक्के जास्त घेतले होते. सरकारी कार्डांनी यंत्रे बिघडली नव्हती. म्हणजे गुणवत्तेचा धोका १५ टक्क्यांत नाहीसा होत होता.

शाईच्या प्रिंटरमध्ये दुसऱ्या कंपनीचे काडतूस घातल्यावर पडद्यावर जो इशारा उमटतो, त्याचे मूळ शोधायचे तर ते या खटल्यात सापडते.

१९५६ च्या जानेवारीत आयबीएमने सरकारशी तडजोडीचा करार केला. त्यातली कलमे कोरडी आहेत, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती मुद्दाम वाचावीत. कंपनीला यंत्रे भाड्याबरोबर विकतही द्यावी लागली, आणि विक्रीच्या अटी भाड्याच्या तुलनेत जाचक नसाव्यात असे बंधन आले. शिवाय यंत्र दुरुस्त करू इच्छिणाऱ्या त्रयस्थांना सुटे भाग आणि तांत्रिक माहिती पुरवावी लागली. ‘दुरुस्तीचा हक्क’ हा शब्दप्रयोग अलीकडचा असला, तरी त्याचा आशय इथे कागदावर आला होता.

टेलिफोनचीही कथा याच सुमारास चालू होती. अमेरिकेत बेल कंपनीचे उपकरण घरोघरी भाड्याने असे आणि त्याला बाहेरची कोणतीही वस्तू जोडण्यास मनाई होती. बोलणे शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडाशी लावायच्या एका साध्या पेल्यासारख्या वस्तूवरही कंपनीने आक्षेप घेतला होता. १९५६ मध्ये न्यायालयाने त्या पेल्याच्या बाजूने कौल दिला, आणि १९६८ च्या कार्टरफोन निर्णयाने बाहेरची उपकरणे टेलिफोनच्या जाळ्याला जोडण्याचा रस्ता खुला केला.

या इतिहासाचा भारतातील अध्याय मात्र अधिक सविस्तर पाहण्याजोगा आहे, कारण त्यात कंपनी निघून गेल्यावर यंत्रांचे काय होते, या प्रश्नाचे प्रत्यक्ष उत्तर मिळते.

आयबीएम भारतात आली १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला. सरकारी खाती, विमा, तेलकंपन्या, संशोधनसंस्था हे तिचे ग्राहक. इथेही मुख्य व्यवहार भाड्याचाच होता. अमेरिकेत ज्या १४०१ या संगणकाची जागा नव्या पिढीने घेतली होती, तो मुंबईतल्या कारखान्यात नव्याने घडवून भारतीय ग्राहकांना भाड्याने दिला जाई. संसदेच्या लोकलेखा समितीपासून अनेकांनी यावर टीका केली: जुने यंत्र, जबर भाडे, आणि मूळ किंमत केव्हाच वसूल झाल्यानंतरही चालू राहणारी वसुली. कंपनीचे म्हणणे होते की भारतातल्या गरजांना हे यंत्र पुरेसे आहे आणि भाड्यात देखभाल समाविष्ट आहे. दोन्ही बाजूंत काही तथ्य होते. पण देखभाल समाविष्ट असणे याचा दुसरा अर्थ असा की देखभालीचे ज्ञानही कंपनीच्याच घरात राहते.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे ‘फेरा’ने, परदेशी कंपन्यांना भारतीय शाखांतला हिस्सा साधारणतः ४० टक्क्यांवर आणायला सांगितले. आयबीएम तयार नव्हती. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले, आणि मुंबईच्या कामगार चळवळीतून वर आलेले जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. वाटाघाटी फिसकटल्या. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला. कोका-कोला गेल्याची आठवण लोकांना अधिक राहिली, कारण ती चव होती. आयबीएमच्या जाण्याने मात्र खरा पेच उभा राहिला. देशभरातल्या शेकडो कार्यालयांतून उभ्या असलेल्या, पगारपत्रके आणि हिशेब सांभाळणाऱ्या यंत्रांची देखभाल आता कोणी करायची?

उत्तर आधीच तयार होते. सरकारने १९७५ च्या अखेरीस कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, ही कंपनी स्थापन केली होती. तिने आयबीएमच्या यंत्रांची देखभाल हाती घेतली. भारतीय अभियंत्यांनी ती यंत्रे चालू ठेवली, आणि त्या कामातून तयार झालेल्या मनुष्यबळाने पुढे, १९८० च्या दशकात, रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाची प्रणाली उभी केली.

हे शक्य का झाले, ते नीट पाहायला हवे. देशभक्ती आणि जिद्द हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. मुख्य कारण साधे होते: यंत्राचा मेंदू त्याच खोलीत होता. त्याची मंडले उघडून पाहता येत होती, आकृत्या कागदावर होत्या, सुटा भाग मिळाला नाही तर घडवता येत होता, आणि यंत्राला रोज सकाळी न्यूयॉर्कला विचारून सुरू व्हावे लागत नव्हते. कंपनीने देश सोडला तरी तिचे यंत्र देश सोडून गेले नाही.

यानंतरची दोन-तीन दशके या कथेतली अपवादात्मक दशके म्हणावी लागतील. घरगुती संगणक आला, लोकांनी तो विकत घेतला, उघडला, त्यात हवे ते भाग घातले. कॅसेट, टेलिव्हिजन, कॅमेरा, मिक्सर, सगळेच एकदा पैसे मोजून आपले होत. या काळात वाढलेल्या पिढीला हीच रीत सनातन वाटली. इतिहासात ती तशी नव्हती.

२००० च्या दशकात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी स्वस्त झाल्या. वायफायची चिप, आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवरची जागा; अॅमेझॉनने २००६ मध्ये साठवणुकीची सेवा भाड्याने द्यायला सुरुवात केली. उत्पादकापुढे मोठा मोह उभा राहिला. उपकरणात महागडा प्रक्रियक कशाला घालायचा? साधी चिप घालावी, विचार करण्याचे काम सर्व्हरवर सोपवावे. वस्तू स्वस्त होते, सुधारणा घरबसल्या पोहोचतात. पण या हिशेबात एक भोक आहे. वस्तूची किंमत एकदाच मिळते आणि सर्व्हरचा खर्च दरमहा येतो. विकल्या गेलेल्या प्रत्येक नगाबरोबर कायमचा खर्च वाढतो. नवी विक्री मंदावली की तीनच वाटा उरतात: ग्राहकाकडून वर्गणी घेणे, त्याची माहिती विकणे, किंवा सर्व्हर बंद करणे. उत्पादकांचा लोभ या कथेत आहेच, पण लोभ नसता तरी हे गणित बदलले नसते.

पहिले ठळक उदाहरण पुन्हा पॅरिसचेच निघावे हा योगायोग. २००५ मध्ये व्हायोलेट नावाच्या तिथल्या कंपनीने ‘नबाझ्ताग’ हा प्लास्टिकचा पांढरा ससा काढला. आर्मेनियन भाषेत या शब्दाचा अर्थच ससा. तो वायफायला जोडला की हवामान सांगे, टपाल आल्याचे कळवी, कान हलवी, पोटातले दिवे लावी. स्वतःहून त्याला यातले फारच थोडे येत असे. सगळे सर्व्हरकडून येई. व्हायोलेट आर्थिक अडचणीत आली, २००९ मध्ये दुसऱ्या कंपनीने ती घेतली, आणि २०११ च्या जुलैत सर्व्हर बंद झाले. सशांचे कान जिथल्या तिथे राहिले. मात्र या प्रकरणाचा उत्तरार्ध सुखाचा आहे: बंद करताना सर्व्हरच्या प्रणालीची संहिता खुली केली गेली, हौशी लोकांनी स्वतःचे सर्व्हर उभारले, आणि पुढे मूळ निर्मात्यांनीच सशाच्या पोटात बसवायचा एक छोटा संगणक वर्गणी जमवून तयार केला. त्यात मेंदू सशाच्या आतच ठेवलेला आहे.

रिवॉल्व्हच्या ग्राहकांना असा उत्तरार्ध लाभला नाही. घरातले दिवे, कुलपे, पडदे एकत्र चालवणारी ही सुमारे ३०० डॉलरची डबी होती, आणि तिची सेवा आजीवन मोफत असल्याची जाहिरात होती. २०१४ मध्ये गूगलच्या मालकीच्या नेस्टने ती कंपनी घेतली, विक्री थांबली, आणि १५ मे २०१६ पासून सेवा बंद होईल असे जाहीर झाले. त्या दिवसानंतर डबी नादुरुस्त झाली नाही, निरुपयोगी झाली. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने चौकशी केली आणि कंपनीने ग्राहकांना परतावा देऊ केल्यावर कारवाई न करता ती मिटवली. ‘आजीवन’ या शब्दातले जीवन कोणाचे, हा प्रश्न त्यामुळे न्यायालयापुढे आलाच नाही.

२०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या गृहस्वयंचालन कंपनीचे सर्व्हर कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडले. इथे एक तपशील नोंदवण्यासारखा आहे. या कंपनीची उपकरणे घरातल्या घरातही एकमेकांशी बोलू शकत होती. ज्यांनी काही छेडछाड केली नाही त्यांचे दिवे भिंतीवरच्या बटणांनी चालत राहिले. ज्यांनी बिघाड समजून मुख्य डबी मूळ स्थितीला आणली, त्यांनी ती गमावली, कारण पुन्हा सुरू होण्यासाठी तिला त्या मृत सर्व्हरची परवानगी हवी होती. जूनमध्ये ग्राहकांपैकीच काहींनी मिळून कंपनी विकत घेतली आणि सर्व्हर चालू केले. त्यानंतर त्यांनी काय केले? वार्षिक वर्गणी सुरू केली. वर सांगितलेल्या गणितापुढे ग्राहकांनी चालवलेली कंपनीही वेगळे काही करू शकली नाही.

कायद्याचे काय, असा प्रश्न १९१७ आणि १९३६ चे निकाल वाचलेल्याला पडेल. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे पुन्हा शाईचेच प्रकरण आले, फक्त डब्याऐवजी लेक्समार्कच्या प्रिंटरचे काडतूस होते. न्यायालयाने स्पष्ट सांगितले की एकदा विकलेल्या वस्तूवर विक्रेत्याचा पेटंटहक्क उरत नाही, आणि त्यासाठी १६२८ सालच्या एडवर्ड कोक यांच्या विवेचनाचा आधार घेतला. तत्त्व म्हणून ग्राहकाचा विजय संपूर्ण होता.

पण तोवर पाटीची जागा बदलली होती. १९१२ ची अट पितळी पाटीवर होती आणि ती मोडायला शाईचा एक डबा पुरे होता. कंपनीला न्यायालयात जाऊन दाद मागावी लागे. आजची अट उपकरणातल्या प्रणालीत लिहिलेली असते आणि ती स्वतःच स्वतःची अंमलबजावणी करते. १३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपीच्या अनेक प्रिंटरांनी, आदल्या दिवसापर्यंत चालणारी इतरांची काडतुसे एकाएकी नाकारली, ती कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाने नव्हे. शिवाय ही प्रणाली विकली जात नाही, परवान्यावर वापरायला दिली जाते. आणि तिच्यावरचे डिजिटल कुलूप फोडण्यास १९९८ च्या अमेरिकी कायद्याने मनाई केली आहे. विकलेल्या वस्तूबद्दल न्यायालयाने दिलेले संरक्षण त्यामुळे वस्तूच्या कवचापाशी थांबते.

निदान कंपनी किती वर्षे साथ देणार, एवढे तरी ग्राहकाला कळते का? संघीय व्यापार आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी २०२४ मध्ये १८४ जोडलेल्या उपकरणांची संकेतस्थळे तपासली. सुमारे ८९ टक्के उपकरणांच्या बाबतीत ही मुदत कुठेच दिलेली नव्हती. पॉपच्या ग्राहकाला निदान रोजचे ५ सेंटीम माहीत होते.

२० ऑक्टोबर २०२५ रोजी अॅमेझॉनच्या व्हर्जिनियातील सर्व्हरकेंद्रात बिघाड झाला आणि अनेक सेवांबरोबर एट स्लीप या कंपनीच्या महागड्या, तापमान राखणाऱ्या खाटाही अडखळल्या. काही तापलेल्या राहिल्या, काही वर उचललेल्या अवस्थेत अडकल्या. कंपनीने माफी मागितली आणि जाळे नसतानाही खाट जवळच्या फोनवरून चालावी अशी सोय घाईने दिली. म्हणजे ती सोय देता येण्याजोगी होती. १९१० च्या पॅरिसमधल्या भात्याला हवेवाचून पर्याय नव्हता; खाटेला पर्याय होता आणि तो आधी दिला गेला नव्हता. या दोन घटनांमधला हा फरक त्यांच्यातल्या साम्यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

खाटेवरून एक रात्र झोप गेली, एवढ्यावर निभावले. कॅलिफोर्नियातील सेकंड साइट या कंपनीच्या ग्राहकांचे तसे नव्हते. आर्गस-२ हे तिचे उपकरण डोळ्यातल्या पडद्यावर शस्त्रक्रियेने बसवले जाई. चष्म्यावरचा कॅमेरा दृश्य टिपे, कमरेला लावलेला छोटा संगणक त्याचे संकेतांत रूपांतर करी, आणि अंध व्यक्तीला प्रकाशाचे ठिपके जाणवत: दाराची चौकट, रस्त्याची कड, समोर उभ्या माणसाची आकृती. अमेरिकेत त्याला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. जगभरात सुमारे ३५० लोकांनी ते बसवून घेतले. २०१९ मध्ये कंपनीने हे उत्पादन थांबवले आणि २०२० मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन बहुतेक कर्मचाऱ्यांना काढून टाकले. यात क्लाउड नव्हता, वर्गणीही नव्हती. होता तो फक्त एकाच कंपनीकडे असलेला सुटा भाग, एकाच कंपनीकडे असलेली प्रणाली आणि एकाच कंपनीकडे असलेले ज्ञान.

१९७८ मध्ये सीएमसीच्या अभियंत्यांना जे करता आले, ते या ३५० जणांसाठी करायला कोणी नव्हते. कमरेचा संगणक बिघडला तर नवा मिळत नव्हता. एका वापरकर्त्याचा बिघडला तेव्हा त्याने जुने डॉक्टर आणि इतर रुग्ण यांच्याकडे विचारत विचारत सुटे भाग मिळवले, आणि त्यावर त्याची उरलेली दृष्टी चालू राहिली.